हा रस्ता कोणाचा?

परवा मुलाच्या गाडीतून पुण्याहून मुंबईला निघालो होतो. टोलनाका मागे पडला, मुलाच्या मोबाईलवर पैसे कापल्याचा निरोप आला आणि नातवाने विचारले, "आजोबा, हा रस्ता कोणाचा?" मी मास्तरी सवयीने म्हणालो, "आपला." त्यावर चिरंजीव म्हणाले, "मग आपल्याच रस्त्यावर जायचे पैसे का?"

तीस वर्षे इतिहास शिकवला, पण मी गप्प झालो. त्या वेळी देता आले नाही ते उत्तर आज इथे लिहितो आहे.

बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तो १८३० साली. आगगाडी घाट चढली १८६३ मध्ये. रेल्वेच्या साहेबांना घाटातली वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. कथा खरी की खोटी ते सोडा, पण जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि तिथे पैसे टाकून पुढे जाणारे प्रवासी मी लहानपणापासून पाहिले आहेत.

पुढे वाहने वाढली, घाट तेवढाच राहिला. १९८६ मध्ये मी मुंबईत नोकरीला होतो. वडील गेल्याचा निरोप आला, मिळेल त्या बसने निघालो. घाटात ट्रक उलटला होता. पाच तास एका वळणावर बसून काढले. घरी पोचलो तेव्हा मंडळी स्मशानातून परत येऊन अंगणात हातपाय धूत होती. असो.

नव्या रस्त्याची पाहणी सरकारने १९९० मध्ये सुरू करवली. १९९४ च्या अहवालात खर्चाचा अंदाज ११४६ कोटी होता. खासगी कंपन्यांकडून निविदा मागवल्या, तेव्हा आकडा आला ३६०० कोटी! सरकारने तो नाकारला. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९९७ मध्ये हे काम त्याच्याकडे आले. नाव महामंडळ असले तरी कायद्याने ती कंपनीच, मात्र मालकी राज्य सरकारची. सरकारच्या हमीवर पैसा उभा करायचा, रस्ता बांधायचा आणि तीस वर्षे टोल घेऊन फेडायचा, अशी योजना. काम सुमारे १६३० कोटींत झाले. पहिले टप्पे २००० मध्ये आणि पूर्ण रस्ता २००२ मध्ये खुला झाला. कळंबोली ते किवळे, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी.

२००४ मध्ये ९१८ कोटी एकरकमी घेऊन टोलवसुलीचा हक्क पंधरा वर्षांसाठी एका खासगी कंपनीला दिला गेला. मुदत संपल्यावर पुन्हा नवा करार झाला. म्हणजे मालक सरकार, पावती खासगी कंपनीची आणि खिसा आपला. नातवाचा प्रश्न वाटला तितका बाळबोध नव्हता, नाही का?

आणखी एक गोष्ट. मावळ-खालापुरातल्या ज्यांच्या शेतांवरून हा रस्ता गेला, त्यांना तो पायी ओलांडता येत नाही, त्यावर बैलगाडी की दुचाकी नेता येत नाही. जमीन त्यांची गेली, वेळ आपला वाचला. शिंगरोबाची गोष्ट मला अशा वेळी आठवते.

तरीही टोल देताना मी कुरकुर करत नाही. हा रस्ता १९८६ मध्ये असता, तर वडिलांचे मुख शेवटचे पाहता आले असते. पण रस्ता आपला म्हणायचा, तर किती फिटले आणि किती उरले, हे विचारण्याचा हक्कही आपला. कर्ज काढून घर बांधणाऱ्याला शेवटचा हप्ता कधी आहे ते ठाऊक असते. इथेही ते सर्वांना ठाऊक असावे, एवढेच म्हणणे.

येत्या सुट्टीत नातवाला जुन्या रस्त्याने नेणार आहे. शिंगरोबापुढे थांबून चार पैसे त्याच्याच हाताने टाकायला लावीन. तिथे पावती मिळत नाही, हेही त्याला सांगायचे आहे.