रताळ्याचा पाला खरंच औषधी आहे का? चाचणी कशी होते?

आषाढी एकादशीला मुंबईत घरोघरी रताळी उकडली जातात. पाला मात्र महाराष्ट्रात बहुतेक वेळा गुरांपुढे टाकला जातो. फिलिपिन्स, तैवान, जपानमध्ये हाच पाला भाजी म्हणून खातात. फिलिपिन्समध्ये डेंग्यूच्या रुग्णाला त्याचा काढाही देतात. 'मधुमेह आणि डेंग्यूवर रामबाण' हा दावा तपासायचा झाल्यास पुढील टप्पे लागतात.

१. ओळख

रताळ्याच्या वेलीचे शास्त्रीय नाव आयपोमिया बटाटाज. बेशरम, समुद्रकिनाऱ्यावरची मर्यादवेल आणि नाळीची भाजी हीसुद्धा आयपोमियाच. यातली बेशरम गुरा-शेळ्यांना विषारी असते. त्यामुळे आधी वनस्पतीची खात्री करतात. मुंबईतले विद्यार्थी आणि संशोधक त्यासाठी नमुना सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये दाखवतात.

२. अर्क आणि प्राथमिक तपासणी

पाने धुऊन सावलीत वाळवतात, पूड करतात आणि पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात. अर्कात फेरिक क्लोराइड टाकल्यावर निळा-काळा किंवा हिरवट रंग आला, तर फिनॉल वर्गातील द्रव्ये आहेत असे समजतात. हलवल्यावर टिकणारा फेस आला, तर सॅपोनिन. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही होऊ शकतील अशा या साध्या चाचण्या आहेत.

३. काचेतले प्रयोग

डीपीपीएच हे जांभळे द्रावण अर्कामुळे पिवळे पडले, तर अर्क अँटिऑक्सिडंट ठरतो. तुलना क जीवनसत्त्वाशी करतात. जिवाणू वाढवलेल्या आगरच्या थाळीत अर्क घातल्यावर भोवती किती मिलिमीटर मोकळे वर्तुळ पडते, ते मोजतात. मधुमेहासाठी पिष्ट पचवणारे अमायलेज एन्झाइम किती अडते, ते अ‍ॅकार्बोज या औषधाशी ताडून पाहतात. रताळ्याच्या पानांत क्लोरोजेनिक आम्लासारखी पॉलिफिनॉल भरपूर असल्याने अशा चाचण्यांत ती चांगली उतरतात.

पण थाळीतला जिवाणू मेला म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे. पोटात गेल्यावर त्या द्रव्याचे किती शोषण होते, यकृत त्याचे काय करते, किती मात्रा सुरक्षित, हे काचेत कळत नाही.

४. प्राणी आणि माणसे

प्राण्यांवरील प्रयोगाला नीतिसमितीची परवानगी लागते. माणसांवरील चाचणीलाही तशी मंजुरी लागते. शिवाय १५ जून २००९ पासून भारतात औषधाच्या चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आधी करणे बंधनकारक आहे.

मग सिद्ध काय झाले आहे?

रताळे आणि टाइप २ मधुमेह यांवरचे अभ्यास कॉक्रेनने २०१३ मध्ये एकत्र तपासले. निकषात बसणाऱ्या चाचण्या तीनच निघाल्या आणि त्यांत मिळून १४० माणसे होती. साखरेवर थोडा चांगला परिणाम दिसला, पण पुरावा फार कमकुवत असल्याने उपचार म्हणून शिफारस करता आली नाही. त्या चाचण्याही कंदापासून केलेल्या पूरकाच्या होत्या, पानांच्या नव्हत्या.

खायचा असेल तर

पाला पौष्टिक भाजी आहे. मात्र त्यात के जीवनसत्त्व भरपूर असते, १०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे ३०० मायक्रोग्रॅम. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी तो अचानक जास्त खाल्ल्यास औषधाचा परिणाम कमी होतो. पानांत ऑक्झलेटही असते, म्हणून मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. उपनगरी रेल्वेरुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पाला टाळावा. अशा पाण्यातून शिसे, कॅडमियम पानांत उतरू शकते.

डेंग्यूच्या तापात काढ्यावर विसंबून दोन दिवस घालवणे जिवावर बेतू शकते. विशेषतः ताप उतरताना पोटदुखी, सतत उलट्या किंवा रक्तस्राव सुरू झाला, तर लगेच रुग्णालय गाठावे. मधुमेहाच्या गोळ्याही पाल्याच्या भरवशावर बंद करू नयेत. पाल्याची भाजी जेवणात असावी, औषधाच्या जागी नव्हे.