नेम कोणत्या डोळ्याने धरावा?

मनुष्य उजव्या किंवा डाव्या हाताचा असतो, हे सर्वांना ठाऊक असते. तो उजव्या किंवा डाव्या डोळ्याचाही असतो, हे मात्र बहुधा बंदूक खांद्याला लावण्याची वेळ आल्यावरच कळते. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या प्रतिमा मेंदू एकत्र करतो. पण एक वस्तू दुसरीच्या रेषेत आणायची झाली की तो एकाच डोळ्याची साक्ष ग्राह्य धरतो. हा प्रभावी डोळा. इटलीतील जांबातिस्ता देल्ला पोर्ता याने १५९३ सालीच ही गोष्ट नोंदवून ठेवली होती.

प्रभावी डोळा म्हणजे अधिक तीक्ष्ण नजरेचा डोळा, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. चष्म्याचा क्रमांक जास्त असलेला डोळाही प्रभावी असू शकतो. सुमारे दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रभावी असतो, उरलेल्यांपैकी बहुतेकांचा डावा, आणि थोड्यांच्या बाबतीत कोणताच स्पष्टपणे वरचढ नसतो. उजव्या हाताने काम करणारे मात्र दहांत नऊ असतात. म्हणजेच उजव्या हाताच्या आणि डाव्या डोळ्याच्या माणसांची संख्या मोठी आहे. खरी अडचण त्यांचीच.

स्वतःचा प्रभावी डोळा ओळखणे सोपे आहे. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये लहानशी त्रिकोणी फट ठेवावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तीतून दूरची एखादी वस्तू, समजा भिंतीवरचे घड्याळ, पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना घड्याळ फटीतच राहते, तो प्रभावी. दृष्टी फार बाजूला वळवल्यास उत्तर बदलू शकते, म्हणून वस्तू अगदी समोर असावी आणि चाचणी दोन-चार वेळा करावी.

छऱ्यांच्या बंदुकीत या गोष्टीचे महत्त्व सर्वाधिक. तिला मागची खाच नसते. नळीच्या टोकाला फक्त माशी असते आणि मागच्या खाचेचे काम नेमबाजाचा डोळाच करतो. ट्रॅप प्रकारात ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी वेगाने दूर जात असते, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवणेच हिताचे. आता बंदूक उजव्या खांद्याला आहे, पण ताबा डाव्या डोळ्याने घेतला असे समजू. दोन डोळ्यांतील अंतर सुमारे सहा सेंटिमीटर, माशी डोळ्यापासून साधारण मीटरभर पुढे. डाव्या डोळ्याला माशी तबकडीवर टेकलेली दिसेल, तेव्हा नळी प्रत्यक्षात तबकडीच्या डावीकडे रोखलेली असेल. तीस मीटरवर ही चूक पावणेदोन मीटरच्या आसपास जाते. छऱ्यांचा फैलाव त्या अंतरावर जेमतेम मीटरभर. नेमबाज मन लावून सराव करतो, नेम अचूक असल्याची त्याला खात्री असते, आणि तबकडी अखंड निघून जाते. अशा वेळी दोष हाताच्या कंपाला किंवा एकाग्रतेला दिला जातो आणि होतकरू मुले खेळ सोडतात.

रायफलीचे गणित वेगळे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात मागच्या बाजूला बारीक छिद्राचे साधन असते. त्यातून एकच डोळा पाहू शकतो. दुसरा केवळ व्यत्यय आणतो. तो मिटून घेणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया, पण त्याने चेहऱ्याचे स्नायू ताणतात. काळ्या पट्टीने झाकल्यास उघड्या डोळ्याची बाहुलीही किंचित रुंदावते आणि माशी पुसट होते. म्हणून अर्धपारदर्शक किंवा पांढरी पट्टी लावतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. पिस्तुलात हात लांब ताणलेला असल्याने मान किंचित वळवूनही भागते.

उपायांत सर्वांत मुळाशी जाणारा म्हणजे खांदाच बदलणे. नवशिक्याने, विशेषतः शाळकरी मुलाने, तो पहिल्या आठवड्यातच करावा. दहा वर्षांची सवय मोडणे जड जाते. अशक्य मात्र नाही. हंगेरीच्या कारोय ताकाच याचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. डाव्या हाताने पुन्हा शिकून त्याने १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. (दोन्ही हातांनी बाण सोडणारा म्हणून अर्जुनाला सव्यसाची म्हणतात, त्याचा प्रभावी डोळा कोणता, हे महाभारतकारांनी सांगितलेले नाही.) खांदा बदलणे नको असेल, तर छऱ्यांच्या बंदुकीसाठी प्रभावी डोळ्यासमोरच्या काचेवर धूसर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावतात. वाकड्या दस्त्याच्या बंदुकाही बनतात, पण त्या महाग आणि दुर्मीळ.

सैन्यात ही मुभा नेहमी नसते. ब्रिटिश सैन्याची एसए-८० रायफल डाव्या खांद्यावरून चालवता येत नाही. रिकामे काडतूस थेट चेहऱ्याकडे उडते. डाव्या डोळ्याच्या सैनिकालाही तेथे उजव्यानेच नेम धरावा लागतो.

वयाबरोबर प्रभुत्व बदलूही शकते, मोतीबिंदूमुळे तर अधिकच. शस्त्रक्रियेत एका डोळ्याला दूरचे आणि दुसऱ्याला जवळचे भिंग बसवायचे असल्यास, दूरचे भिंग बहुधा प्रभावी डोळ्यात बसवले जाते. नेमबाजाने आपण कोणत्या डोळ्याने नेम धरतो, हे त्याआधीच नेत्रतज्ज्ञांना सांगावे.