दुधातले लोह आणि जन्माची शिदोरी

'दूध हे पूर्णान्न आहे.' हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केले आहे आणि आपल्यापैकी बरेच जण ते आजही वर्गात शिकवतात. काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-शिबिरात या वाक्यावर चर्चा चालू असताना मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्यांची मुलगी चौदा महिन्यांची होती. अजून अंगावर पीत होती, वर थोडा वरण-भात खात होती. तपासणीत तिचे हिमोग्लोबिन कमी निघाले होते. घरातली वडीलधारी मंडळी म्हणत होती, "वर्षानंतर अंगावरच्या दुधात काही कस राहत नाही. सोडव आता." बाईंचा प्रश्न साधाच होता, "माझ्या दुधात काही कमी आहे का?"

या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात चिमूटभर राखेपासून होते.

गुस्ताव्ह फॉन बुंगे (१८४४-१९२०) हा शरीर-रसायनशास्त्रज्ञ १८८५ पासून स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात प्राध्यापक होता. कोणताही सजीव पदार्थ पूर्ण जाळला की त्यातले कार्बनी पदार्थ उडून जातात आणि खनिजे राखेत उरतात. बुंगेने कुत्रीच्या दुधाची राख आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या शरीराची राख यांची तुलना केली. त्याचा तर्क सरळ होता. पिल्लू पहिले काही आठवडे फक्त दुधावर वाढते. म्हणजे ते आपले शरीर दुधातूनच घडवते. तेव्हा दुधातल्या खनिजांचे प्रमाण पिल्लाच्या शरीरातल्या प्रमाणाशी जुळायला हवे.

बऱ्याच अंशी ते जुळलेही. पिल्लाच्या राखेत कॅल्शियमचे ऑक्साइड शेकडा २९.५ होते, तर दुधाच्या राखेत २७.२. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे आकडेही फार दूर नव्हते. लोहाचा आकडा मात्र अजिबात जुळेना. पिल्लाच्या राखेत लोहाचे ऑक्साइड ०.७२, तर दुधाच्या राखेत अवघे ०.१२. म्हणजे सहापट कमी! बाकीची खनिजे इतकी नेमकी मोजून देणारा निसर्ग लोहाच्या बाबतीतच चुकला की काय?

बुंगेने १८८९ मध्ये याचे जे उत्तर मांडले ते असे : बाळ लोहाचा साठा जन्मतःच बरोबर घेऊन येते. दुधातून लोह पुरवण्याऐवजी आईचे शरीर ते गर्भातच बाळाला देऊन टाकते.

कल्पना सुंदर होती, पण ती तपासायची कशी? बुंगेने त्यासाठी दोन प्राणी निवडले. सशाची पिल्ले आंधळी, असहाय जन्मतात आणि जवळजवळ तीन आठवडे आईच्या दुधावरच राहतात. गिनीपिगची पिल्ले मात्र डोळे उघडे, अंगावर केस अशी जन्मतात आणि पहिल्या दिवसापासून पाला कुरतडू लागतात. पाल्यात लोह असते. साठ्याची कल्पना खरी असेल, तर सशाच्या पिल्लाजवळ मोठा साठा हवा आणि गिनीपिगच्या पिल्लाजवळ लहान. मोजमापे तशीच आली. नवजात सशाच्या दर १०० ग्रॅम वजनात सुमारे १८ मिलिग्रॅम लोह होते, गिनीपिगच्या पिल्लात सुमारे ६. सशाचे पिल्लू दुधावर वाढत गेले तसा हा आकडा उतरत गेला आणि चोविसाव्या दिवशी सुमारे ३ वर आला. याच सुमारास पिल्लू गवत खाऊ लागते! पुढे आकडा पुन्हा थोडा चढला. शिदोरी संपायची वेळ आणि चरायला लागायची वेळ एकच होती.

माणसाचे मूल या बाबतीत सशासारखेच आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ७५ मिलिग्रॅम लोह असते. त्यातले बरेचसे गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून आलेले असते. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाची शिदोरी लहान असते. जन्मानंतर नाळ कापायची जरा घाई केली नाही, तर नाळेतले आणखी रक्त बाळाकडे जाते आणि त्याबरोबर लोहही. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे दिसले, की ज्या बाळांची नाळ तीन मिनिटे थांबून बांधली, त्यांच्या रक्तातले फेरिटिन चौथ्या महिन्यात ४५ टक्क्यांनी अधिक होते. फेरिटिन हे लोहाच्या साठ्याचे माप आहे. नाळ निदान एक मिनिट तरी बांधू नये, अशी आता जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

मग हा साठा संपल्यावर काय होते? याकडे डॉक्टरांचे लक्ष वेधण्यात डॉ. हेलन मॅके यांचा मोठा वाटा आहे. लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीतील मुलांच्या रुग्णालयात त्या काम करत. तान्ह्या मुलांचे हिमोग्लोबिन काही महिन्यांनी उतरते हे तेव्हा ठाऊक होते. पण 'या वयात असे व्हायचेच' म्हणून ते सोडून दिले जाई. मॅकेंनी मुलांचे रक्त पुन्हा पुन्हा तपासले आणि काहींना लोह देऊन पाहिले. लोह मिळालेल्या मुलांचे हिमोग्लोबिन चढले, इतकेच नव्हे तर त्यांची आजारपणेही कमी झाली. १९२८ चा शोधनिबंध आणि १९३१ चा अहवाल यांतून त्यांनी हे मांडले. जे सर्रास आढळते ते निरोगीच असते असे नाही, हा त्यातला धडा आजही विसरण्यासारखा नाही.

म्हणजे आईचे दूध उणे ठरले का? इथे कथेला आणखी एक वळण आहे. सारिनेन, सीमेस आणि डॉलमन या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवले, की अंगावर पिणारी बाळे दुधाबरोबर दिलेल्या लोहापैकी सरासरी ४९ टक्के लोह शोषून घेतात. गाईच्या दुधातून हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असते. आईच्या दुधातले लोह थोडे, पण सत्कारणी लागणारे. शिदोरी आणि हे थोडे लोह मिळून पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाचे पहिले सहा महिने सहसा निभावतात.

आता वर्षापुढच्या मुलाचे गणित करू. हे वर्गातही करता येईल. आईच्या दुधात लिटरमागे लोह सुमारे ०.३५ मिलिग्रॅम. मूल दिवसाला अर्धा लिटर प्यायले, तर ०.१८ मिलिग्रॅम मिळाले. त्यातले निम्मे शोषले गेले असे धरले, तर ०.०९. आणि या वयाच्या वाढत्या मुलाची दिवसाची गरज? अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष शरीरात जावे लागते. म्हणजे गरजेचा जेमतेम सहावा ते आठवा हिस्सा दुधातून येतो. इथे दूध पाणीदार झालेले नाही. मूल तिप्पट वाढले आहे, त्याचे रक्त वाढले आहे आणि शिदोरी संपली आहे. याच वयात, दुसऱ्या वर्षी, आईचे दूध मुलाच्या उष्मांकांच्या गरजेचा सुमारे तिसरा हिस्सा भागवू शकते, शिवाय रोगप्रतिकारक द्रव्ये देते. दूध तोडून लोह वाढत नाही; त्या जागी गाई-म्हशीचे दूध वाढले तर उलट घटते.

आईने अळिवाचे लाडू खाल्ले तर? त्यातले लोह तिच्या स्वतःच्या रक्ताला उपयोगी आहे; पण दुधातले लोह आईच्या खाण्याने फारसे वाढत नाही आणि तिला रक्तक्षय असला तरी फारसे घटत नाही. सगळ्या पोषकद्रव्यांचे मात्र असे नाही. वेल्लोर येथील जाधव आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये अंगावर पिणाऱ्या काही बाळांचे वर्णन केले. ती सुस्त झाली होती, त्यांचे हातपाय थरथरत होते, शिकलेल्या हालचाली ती विसरत होती. त्यांच्या शाकाहारी मातांमध्येच ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती आणि म्हणून दुधातही. ब-१२, आयोडीन, अ जीवनसत्त्व यांसाठी आईचे ताट सुधारायचे, लोहासाठी मुलाचे.

आपल्याकडे उष्टावण साधारण सहाव्या महिन्यापासून पुढे करतात, ही वेळ अगदी योग्य आहे. पण उष्टावणाची खीर म्हणजे तांदूळ आणि दूध, दोन्हींत लोह नगण्य. त्यापुढे मोड आणून दळलेली नाचणी, डाळी-उसळी, पालेभाज्या आणि वर लिंबू पिळणे; चालत असेल त्या घरी मांस, मासे, काळीज, असा पल्ला गाठायला हवा. क जीवनसत्त्वाने धान्य-भाज्यांतले लोह अधिक शोषले जाते, चहाने कमी. चहात बुडवलेले बिस्किट हा लहान मुलाचा खाऊ नव्हे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी २०१८ पासूनच्या 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा लोहाचे पातळ औषध आहे, तेही घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. सगळाच रक्तक्षय लोहाअभावी नसतो, पण लोह हे त्याचे एक मोठे कारण आहे.

शिक्षकांनी याची काळजी का करावी? कोस्टा रिकामध्ये बेट्सी लोझॉफ यांनी केलेल्या अभ्यासात (१९९१) तान्हेपणी लोहाची तीव्र किंवा दीर्घकाळ कमतरता असलेली मुले पाचव्या वर्षीही, रक्त सुधारल्यानंतर, बुद्धिचाचण्यांत मागे दिसली. त्यात गरिबीचा वाटा किती आणि लोहाचा किती, हे वेगळे करणे अवघड आहे. तरी पहिलीच्या वर्गात येणारे मूल चार-पाच वर्षांपूर्वी काय जेवले होते, याच्याशी आपल्या फळ्याचा संबंध आहे, एवढे खरे.

त्या बाईंना मी म्हटले, "तुमच्या दुधात काही कमी नाही. पाजत राहा, डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषध नियमाने द्या, आणि वरण-भातावर लिंबू पिळून पालेभाजी वाढा." आणि पूर्णान्नाचे ते वाक्य? ते शिकवताना पुढे एक प्रश्न जोडावा, असे मला वाटते : पूर्ण, पण कोणासाठी आणि किती महिन्यांपर्यंत?