राजपुत्र, कवी आणि मुलांची संघटना : वेल्समधलं १९६९

‘द क्राउन’ मालिका पाहिली असेल, तर तिच्या तिसऱ्या पर्वातला एक भाग आठवेल. तरुण राजपुत्र चार्ल्स वेल्समधल्या अबरिस्टविथ गावी एका सत्रासाठी वेल्श भाषा शिकायला जातो. त्याला शिकवणारा प्राध्यापक वेल्श राष्ट्रवादी असतो. दोघांचं आधी जमत नाही, मग हळूहळू जमतं. गोष्ट छान आहे आणि बरीचशी खरीही आहे. पण ती पाहिल्यावर मी त्या काळाबद्दल वाचत गेलो, तेव्हा माझं लक्ष राजपुत्रापेक्षा त्याच गावात मुख्यालय असलेल्या एका संघटनेनं वेधून घेतलं. ही लहान मुलांची आणि तरुणांची संघटना. गाणी, शिबिरं, खेळ आणि स्पर्धा हे तिचं काम. १९६९ साली मात्र या निरुपद्रवी संघटनेच्या दारात राजकारण येऊन उभं राहिलं, आणि कोणाला आत घ्यायचं यावरून घरातच भांडण लागलं.

संघटनेचं नाव ‘ईर्द गोबाइथ कम्री’. ‘कम्री’ म्हणजे वेल्स, ‘गोबाइथ’ म्हणजे आशा, ‘ईर्द’ म्हणजे संघ. वेल्सच्या आशेचा संघ. लोक नुसतं ‘ईर्द’ म्हणतात.

मासिकातलं एक आवाहन

१९६९ समजून घ्यायचं तर आधी १९२२मध्ये जावं लागतं, आणि त्याच्याही आधी एका शाळेत.

लानुखलिन हे वेल्समधलं डोंगराळ भागातलं खेडं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शाळेत ओवेन एडवर्ड्स नावाचा मुलगा होता. त्याला घरात बोलली जाणारी वेल्श सोडून दुसरी भाषा येत नव्हती. शाळेत वेल्श बोललं की गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरं कोणी वेल्श बोलताना सापडलं की तुकडा त्याच्या गळ्यात जायचा, आणि शेवटी ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. या प्रकाराला ‘वेल्श नॉट’ म्हणत. म्हणजे मित्रानं मित्राची चुगली करावी, अशीच ती योजना होती. हा मुलगा पुढे ऑक्सफर्डला शिकला, लेखक झाला आणि १९०७ साली वेल्सच्या शाळांचा मुख्य निरीक्षकही झाला. १८९२ साली त्यानं मुलांसाठी वेल्श मासिक काढलं, ‘कम्रीर प्लांट’, म्हणजे ‘मुलांचं वेल्स’.

१९२०मध्ये ओवेन एडवर्ड्स गेले. मासिक त्यांच्या मुलाकडे, इव्हान अब ओवेन एडवर्ड्सकडे आलं. इव्हान पहिल्या महायुद्धात लढून परतला होता. जानेवारी १९२२च्या अंकात त्यानं बालवाचकांना एक आवाहन केलं. त्याचा आशय असा : गावोगावी वेल्श मुलं आता इंग्रजीत खेळतात, इंग्रजीत गातात आणि आपण कोण हे विसरत चालली आहेत, तर आपण एक संघ काढू, आणि ज्याला यायचं त्यानं नाव कळवावं. सदस्यानं इतर सदस्यांशी वेल्श बोलायचं, वेल्श पुस्तकं वाचायची, वेल्श गाणी म्हणायची, एवढीच अट.

एका मासिकातलं हे एक आवाहन. त्याच वर्षी इंग्लंडच्या सीमेजवळच्या ट्रेदिन गावात पहिली शाखा निघाली. हे मला महत्त्वाचं वाटतं. भाषेची काळजी आधी तिच्या बालेकिल्ल्यात नाही, तर काठावर, जिथे ती रोज थोडी थोडी हरत होती तिथे जाणवली.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. १९२८ साली लानुखलिनलाच पहिलं शिबिर झालं. १९२९ साली कॉर्वेन इथे पहिला ‘आयस्टेदवोद’, म्हणजे गाणं, कविता, पाठांतर आणि नृत्य यांचा स्पर्धा-उत्सव. १९३२पासून समुद्रकाठी लानग्रानोगला कायमचं शिबिर. १९३९मध्ये तर इव्हाननं अबरिस्टविथमध्ये वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळाच काढली. पहिल्या दिवशी विद्यार्थी होते ७. युद्धानंतर, १९५०मध्ये, बालाजवळच्या तळ्याकाठी ग्लान-लिन हे दुसरं मोठं शिबिर सुरू झालं. संघटनेचा बिल्ला त्रिकोणी होता : हिरवा रंग वेल्ससाठी, लाल माणुसकीसाठी, पांढरा ख्रिस्तासाठी. शपथेतही याच तिघांशी निष्ठा होती. राजाचं नाव तिच्यात नव्हतं आणि राजाविरुद्धही काही नव्हतं. १९४७मध्ये इव्हानला ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्यानं तो स्वीकारला. भाषेचं काम करायचं आणि राजकारणापासून लांब राहायचं, या रीतीवर संघटना चाळीसहून अधिक वर्षं चालली.

पाण्याखाली गेलेलं गाव

मग साठचं दशक आलं.

शतकाच्या सुरुवातीला वेल्समध्ये जवळपास निम्मे लोक वेल्श बोलत. १९६१च्या जनगणनेत हे प्रमाण २६ टक्के निघालं. त्याच सुमारास बालापासून थोड्या अंतरावर ट्रवेरिन खोऱ्यात धरण बांधलं जात होतं. पाणी जाणार होतं इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला. धरणाखाली कापेल केलिन हे पूर्ण वेल्शभाषक गाव बुडणार होतं. संसदेत वेल्सच्या जवळजवळ सगळ्या खासदारांनी या धरणाला पाठिंबा द्यायचं नाकारलं, तरी कायदा मंजूर झाला. १९६५मध्ये शाळा, देऊळ, घरं असं सगळं गाव पाण्याखाली गेलं. धरणं आणि विस्थापन हे शब्द आपल्याला नवीन नाहीत. फरक इतकाच, की इथे गावाबरोबर एक भाषाही हरते आहे असं लोकांना दिसलं.

फेब्रुवारी १९६२मध्ये लेखक सॉन्डर्स लुईस यांनी रेडिओवर ‘भाषेचं भवितव्य’ या विषयावर भाषण दिलं. वेल्श वाचवायची तर क्रांतिकारक मार्ग घ्यावे लागतील, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी तरुणांनी ‘वेल्श भाषा समिती’ स्थापन केली. फेब्रुवारी १९६३मध्ये या तरुणांनी एक पूल अडवून पहिलं आंदोलन केलं, तेही अबरिस्टविथमध्येच. पुढे त्यांनी रंगाचे डबे घेऊन रस्त्यांवरच्या इंग्रजी पाट्या पुसायला सुरुवात केली.

हे तरुण कोण होते? यातले बरेच ईर्दच्या शाखांमध्ये आणि शिबिरांमध्ये वाढलेले होते. उदाहरण द्यायचं तर दाविद इवान. त्याची वाढ लानुखलिनमध्ये झाली आणि ग्लान-लिनच्या शिबिरात गिटार घेऊन तो गाऊ लागला. १९६८ साली तो भाषा समितीचा अध्यक्ष झाला. ज्या संघटनेनं त्याला वेल्शमध्ये गायला शिकवलं, तिनं हे गाणं कुठवर न्यायचं ते मात्र सांगितलं नव्हतं.

तो उन्हाळा

ब्रिटिश सरकारनं ठरवलं की १ जुलै १९६९ रोजी कार्नारव्हनच्या किल्ल्यात चार्ल्सला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणून समारंभानं मुकुट चढवायचा. टीव्हीवर जगभर दाखवता येईल असा देखणा सोहळा. पण या पदवीचा इतिहास वेल्श मनाला टोचणारा आहे. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र लिवेलिन १२८२मध्ये मारला गेला. त्यानंतर इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं हा देश जिंकला, कार्नारव्हनचा किल्ला बांधला आणि १३०१मध्ये ती पदवी आपल्या मुलाला दिली. म्हणजे विजेत्याच्या किल्ल्यात विजेत्याची पदवी, आणि टाळ्या वाजवायच्या हरलेल्यांच्या वंशजांनी. निदान विरोधकांना ते असंच दिसत होतं.

ईर्दपुढचा पेच इथे सुरू झाला. सोहळ्याशी संबंध ठेवायचा की नाही, यावरून संघटनेत उभी फूट पडली. दोन्ही बाजू मी मनात मांडून पाहिल्या, आणि दोन्हींत दम आहे असंच वाटत राहिलं.

एक बाजू म्हणत होती : ही मुलांची संघटना आहे, सगळ्या पक्षांच्या घरांतली मुलं इथे येतात. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या मदतीवर शिबिरं चालतात. शिवाय भावी राजा स्वतः वेल्श शिकतो आहे. ज्या भाषेसाठी शाळेत मार पडायचा, ती राजपुत्र चारचौघांत बोलणार असेल, तर त्या भाषेचा मान वाढतोच ना?

दुसरी बाजू म्हणत होती : आम्हाला लहानपणापासून ‘वेल्सशी निष्ठा’ असं म्हणायला तुम्हीच शिकवलंत. निष्ठा म्हणजे फक्त गाणी का? गाव बुडवणारं सरकार आज आमच्याच भाषेचा वापर करून सोहळा सजवतं आहे, आणि तुम्ही त्याला मंच देणार?

मंच दिला गेला. त्या वर्षीचा ईर्दचा आयस्टेदवोद अबरिस्टविथलाच होता. मे महिन्याच्या अखेरीस विशीतला चार्ल्स मंचावर आला आणि वेल्शमध्ये बोलू लागला. शंभरेक तरुण-तरुणी उठल्या आणि निषेध करत मंडपाबाहेर पडल्या. उरलेल्या प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात तो निषेध बुडवून टाकला. चार्ल्सनं भाषण पूर्ण केलं. बहुतेक वर्तमानपत्रांसाठी बातमी एवढीच होती : राजपुत्रानं वेल्श जिंकलं.

पण याच आयस्टेदवोदमध्ये दुसरीही एक गोष्ट घडली. आयस्टेदवोदमध्ये कवीला पारितोषिक म्हणून खरीखुरी, कोरीव लाकडी खुर्ची मिळते. कवितेवर टोपणनाव असतं. निकालाच्या वेळी ते पुकारतात, आणि विजेता गर्दीतून उभा राहतो. १९६९ची खुर्ची मिळाली बालाजवळच्या सार्नाई गावच्या गेरालट लॉइड ओवेनला. वय २४. त्याच्या विजेत्या कवितांमध्ये ‘माझा देश’ ही कविता होती, लिवेलिनला उद्देशून केलेला विलाप. आज हे पाहिलं असतंस तर तू रडला असतास, असा तिचा भाव. वार थेट राज्यारोहणाच्या तयारीवर होता. आज ती कविता आधुनिक वेल्श साहित्यातल्या सर्वांत प्रसिद्ध कवितांपैकी एक आहे.

म्हणजे एकाच उत्सवात ईर्दनं राजपुत्राला माइक दिला आणि त्याच्या विरोधात लिहिणाऱ्या कवीला खुर्ची. यात ढोंग आहे असं कोणी म्हणू शकेल. मला तसं वाटत नाही. परीक्षकांनी कविता पाहिली, ती चांगली होती, तिला पहिलं ठरवलं. संघटनेच्या कार्यालयाला अडचण होईल म्हणून निकाल बदलला नाही. कोणत्याही सांस्कृतिक संस्थेची परीक्षा अशा वेळी होते, आणि त्या परीक्षेत ईर्द उत्तीर्ण झाली असं मी मानतो.

दाविद इवाननं त्या वर्षी ‘कार्लो’ नावाचं खट्याळ गाणं काढलं. त्यात तो चार्ल्सला ईर्दचा सदस्य आणि जुना शिबिरार्थी ठरवून टाकतो. थट्टा राजपुत्राची होती, पण चिमटा संघटनेलाही होता. गाणं तुफान खपलं.

सगळंच इतकं हसण्यासारखं नव्हतं. सोहळ्याच्या आदल्या रात्री आबरगेले गावात दोन तरुण स्वतःजवळच्याच बॉम्बच्या स्फोटात मेले. १ जुलैला किल्ल्यात ठरल्याप्रमाणे सोहळा पार पडला. गंमत म्हणजे सरकारचे वेल्समंत्री जॉर्ज थॉमस यांनी नंतर पंतप्रधानांना पत्र लिहून तक्रार केली, की राजपुत्राच्या भाषणांना राजकीय वास येतो आहे. अनेक वर्षांनी ते पत्र उघड झालं. वेल्श शिकवून राजपुत्राला आपल्या बाजूला आणायचं होतं कोणी, आणि भीती वाटली कोणाला!

त्यानंतर

इव्हान अब ओवेन एडवर्ड्स जानेवारी १९७०मध्ये गेले. १९२२चं आवाहन लिहिणाऱ्या माणसानं आपल्या संघटनेच्या दोन पिढ्यांना एकमेकींसमोर उभं राहिलेलं पाहिलं, आणि त्यानंतर काही महिन्यांतच हे झालं. त्याच महिन्यात दाविद इवान पाट्या रंगवल्याचा दंड भरायला नकार देऊन तुरुंगात गेला.

संघटना मोडली नाही. १९७६ साली तिच्या त्रिकोणी बिल्ल्याला हातपाय फुटून ‘मिस्टर ईर्द’ हे गमतीदार पात्र जन्माला आलं. १९८०मध्ये ग्विनवोर एव्हान्स यांनी वेल्श टीव्ही वाहिनीसाठी आमरण उपोषणाचा इशारा दिला, आणि सरकार नमलं. १९८२मध्ये सुरू झालेल्या त्या वाहिनीचा पहिला प्रमुख होता इव्हानचाच मुलगा, ओवेन एडवर्ड्स. आजोबांच्या गळ्यात लाकूड होतं, नातवाच्या हातात वाहिनी आली. पण ती मिळायला मुलाची सबुरी आणि रस्त्यावरच्या पोरांचा रंगाचा डबा, दोन्ही लागले. १९६९मध्ये भांडलेल्या दोन्ही बाजू एकमेकींशिवाय अपुऱ्या होत्या, असं मला म्हणावंसं वाटतं ते यामुळेच.

ही काही विजयकथा नाही. २०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्के निघाले, सुमारे ५ लाख ३८ हजार. २०२२मध्ये ईर्दला शंभर वर्षं झाली. त्याच वर्षी वेल्सचा फुटबॉल संघ ६४ वर्षांनी विश्वचषकात उतरला, आणि हजारो चाहते जे वेल्श गाणं म्हणत होते ते दाविद इवानचं होतं, ‘आम्ही अजून इथेच आहोत’ अशा अर्थाचं. त्यातल्या कित्येकांना घरी वेल्श येत नव्हतं. शब्द त्यांनी गाण्यातूनच शिकले होते.