मोह गळतो तेव्हा

तू दहा वर्षांची आहेस. सन १९७६, गाव हेमलकशाजवळचं, जिल्हा चंद्रपूर. गडचिरोली वेगळा व्हायला अजून सहा वर्षं आहेत. पाठीवर धाकटा भाऊ फडक्यात बांधलेला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्याजवळ यंदाच शाळा निघाली आहे, राहण्या-जेवण्यासकट. गुरुजी मराठीत बोलतात, तुला येते ती माडिया. ते चित्रावर बोट ठेवून एक शब्द म्हणतात, तू दुसराच. रात्री घर आठवतं. पहाटे काही पोरं जंगलवाटेने पळतात, त्यांच्यात तूही. गुरुजी शोधत गावात येतात, तेव्हा आई विचारते, ‘ही तिकडे बसली तर याला कोण सांभाळणार?’ शहरातली माणसं याला अनास्था म्हणतील. मला तर हा चोख हिशेब वाटतो: आई-बाप दोघं रानात गेल्यावर घरात हात उरतात ते तुझेच.

आता १९९६. वय तेच, जिल्हा गडचिरोली. मुलींना बारावीपर्यंत फी नाही, पण तुझ्या पाड्यावर शाळाच चौथीपर्यंत. पाचवीची शाळा नाल्यापलीकडे, आणि पावसाळ्यात नाला कुणाचं ऐकत नाही. शिवाय मोह. तेंदूपान निदान उन्हाळ्याच्या सुट्टीत येतं. मोह नेमका परीक्षेच्या तोंडावर गळतो. अंधार असतानाच टोपली घेऊन निघायचं, ऊन चढेपर्यंत फुलं वेचायची, मग वाळत घालायची. हजेरीपटावर तुझ्या नावापुढे ‘गैरहजर’ लागत जातं. थोरली बहीण तर महिन्याचे ते दिवस गावाच्या कडेला असलेल्या कुर्माघरात काढते. तिथे दप्तर नेलं तरी दिवा कुठला? तिने सातवीतच शाळा सोडली.

या खेपेला तुला थोडी मोठी करू. २०१३, नववी. मानव विकास कार्यक्रमाची निळी बस फाट्यावर थांबते आणि मुली धावत सुटतात. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांसाठीची ही योजना. मुलींना प्रवास फुकट, जवळच्यांना सायकल. भाषणं आम्ही पुष्कळ ऐकली, पण मुलगी वर्गात पोचली ती या बसमुळे, असं माझं मत आहे. वाहकाला कोण कुठे चढते ते पाठ आहे. एखादी दिसली नाही तर तोच विचारतो, ‘आज का नाही आली गं ती?’

तरी पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागडची वाट बंद. आणि कोरड्या दिवसांतही घोळ आहेच: दहावीचे जादा तास पाचनंतर, बस सुटते पाचला. पुढच्या वर्षी तूच दहावीत. आई म्हणते, ‘अंधारात पायी यायचं नाही.’ बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला आहे. तू लिहितेस:

मा. आगार व्यवस्थापक यांस,
विषय : सायंकाळची फेरी एक तास उशिरा सोडणेबाबत.