फाउंडेशनविना प्रसाधन

फाउंडेशनविना प्रसाधन म्हणजे संपूर्ण चेहऱ्यावर रंगद्रव्याचा सलग थर न देता केलेले दैनंदिन प्रसाधन होय. या पद्धतीत सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांच्यावर भर असतो. काजळ, लिपस्टिक, कुंकू किंवा टिकली ही प्रसाधने ठरावीक जागीच लावली जातात. डाग झाकायचा असल्यास तेवढ्यापुरता कन्सीलर वापरतात. संवेदनशील त्वचेच्या व्यक्तींना ही पद्धत सुचवली जाते, कारण तीमुळे त्वचेच्या मोठ्या भागाचा अनेक रसायनांशी होणारा दिवसभराचा संपर्क टळतो. मात्र फाउंडेशन वगळल्याने त्रास थांबेलच असे नाही. चेहऱ्याच्या दाहाचे मूळ टिकलीचा गोंद, केसांचा कलप, गोरेपणाची मलमे किंवा गाजरगवत यांतही असू शकते.

पार्श्वभूमी

चेहऱ्याला एकसारखा रंग देण्याची कल्पना प्राचीन आहे. युरोपात त्यासाठी कित्येक शतके शिशाचे विषारी पांढरे संयुग वापरले जाई. आजच्या फाउंडेशनचा प्रसार चित्रपटसृष्टीतून झाला. मॅक्स फॅक्टर या कंपनीने रंगीत चित्रपटातील नटनट्यांसाठी तयार केलेले 'पॅनकेक' १९३० च्या दशकाच्या अखेरीस सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आले. भारतात टाटा समूहाने १९५२ मध्ये लॅक्मे ही प्रसाधन कंपनी सुरू केली. तरीही महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत स्नो, पावडर, काजळ आणि कुंकू एवढाच साज पुढे दीर्घकाळ चालू राहिला. त्या अर्थाने फाउंडेशनविना प्रसाधन ही नवी टूम नव्हे. नवे आहे ते त्यामागचे वैद्यकीय कारण.

फाउंडेशनचे घटक

फाउंडेशनमध्ये साधारणतः पाणी, तेले किंवा सिलिकोन, टिटॅनियम डायऑक्साइड, पिवळी, तांबडी व काळी लोह ऑक्साइडे, पायसकारी द्रव्ये, परिरक्षके आणि बहुधा सुगंधी द्रव्ये असतात. रंग देणारी लोह ऑक्साइडे सहसा निरुपद्रवी असतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः सुगंधी द्रव्ये आणि परिरक्षके यांची. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक यासाठी कुप्रसिद्ध असून २०१३ मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने त्याला 'वर्षातील ॲलर्जीकारक' ठरवले होते. प्रसाधनांमुळे उठणाऱ्या मुरुमांना 'ॲक्ने कॉस्मेटिका' हे नाव क्लिगमन आणि मिल्स यांनी १९७२ मध्ये दिले. असे मुरूम झाकण्यासाठी आणखी जाड थर लावला जातो आणि त्यामुळे मुरूम वाढतच जातात.

संवेदनशील त्वचा

एरवी त्रासदायक नसलेल्या गोष्टींनीही चुरचुर, आग, खाज किंवा ताण जाणवणे याला संवेदनशील त्वचा म्हणतात. अशा त्वचेवर लाली दिसेलच असे नाही. क्षोभ आणि ॲलर्जी यांतील भेद मात्र ध्यानात घ्यावा लागतो. क्षोभ बहुधा लगेच जाणवतो आणि द्रव्याचे प्रमाण कमी केल्यास घटतो. ॲलर्जी शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतून उद्भवते. ती एखादे प्रसाधन वर्षानुवर्षे सुखाने वापरल्यानंतरही सुरू होऊ शकते आणि एकदा जडल्यावर त्या द्रव्याचा अल्पांशही पुरतो. "इतकी वर्षे वापरते आहे, तेव्हा काही झाले नाही" हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

खानदेशातील परिस्थिती

जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या घरात जाते. लग्नसराई आणि आखाजी हा माहेरवाशिणींचा सण याच दिवसांत येतात, म्हणजे ठेवणीतला साजशृंगार ऐन उन्हाळ्यात होतो. घाम आणि फाउंडेशन यांचे मिश्रण त्वचेवर साचून राहिल्यास घामोळे व पुटकुळ्या वाढतात. जळगाव–भुसावळ मार्गावरील नशिराबादसारख्या गावांतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुचाकीवरून ये-जा करणाऱ्या मुली ऊन-धुळीपासून बचावासाठी चेहरा स्कार्फने घट्ट गुंडाळतात. ही सवय चांगलीच आहे. मात्र खाली फाउंडेशन असेल, तर उष्णता, ओलावा आणि कापडाचे घर्षण यांमुळे त्याचा क्षोभ वाढतो. अशा प्रवासात फाउंडेशन वगळण्याचा लाभ लवकर जाणवतो. स्कार्फ रोज धुणे आणि तो सुगंधी कंडिशनरमध्ये न बुडवणे हेही तितकेच उपयोगी आहे.

दोष फाउंडेशनचा नसतो तेव्हा

टिकली व कुंकू. चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे द्रव्य असू शकते. त्यामुळे काही स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्याच जागी, बहुधा तिच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. याला रासायनिक श्वेतचर्म म्हणतात. लवकर ध्यानात येऊन टिकली बंद केल्यास रंग परतण्याची शक्यता असते. दुर्लक्ष केल्यास डाग कायम राहू शकतो. कोड संसर्गजन्य नसतानाही आपल्या समाजात त्याविषयीची भीती मोठी आहे. विवाह जुळवताना असा डाग लपवला जातो, बरेचदा फाउंडेशननेच, आणि उपचाराचा काळ निघून जातो. लाल कुंकवाचा प्रश्न वेगळा आहे. हळदीपासून केलेल्या पारंपरिक कुंकवाऐवजी ॲझो वर्गातील कृत्रिम रंगांची पूड विकली जाते. या रंगांच्या ॲलर्जीने कपाळ खाजते किंवा काळवंडते. येथे 'पांढरा डाग' आणि 'काळा डाग' अशा दोन विरुद्ध परिणामांमागे कपाळावरचा एकच सौभाग्यालंकार असू शकतो.

कलप. केसांच्या काळ्या रंगातील पॅराफेनिलीनडायअमाइन हे प्रबळ ॲलर्जीकारक आहे. दाह डोक्यापेक्षा कपाळाची कड, पापण्या आणि कानांच्या पाळ्या येथे अधिक दिसतो. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मेंदीतही हे द्रव्य आढळते. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी ते तांबूस तपकिरी असतो, काळा नव्हे.

गोरेपणाची मलमे. हा सर्वांत गंभीर भाग आहे. नायटा किंवा वांग यासाठी, अथवा नुसते उजळ दिसण्यासाठी, स्टिरॉइडयुक्त मिश्र मलमे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणून महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळली जातात. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम व केस वाढतात आणि मलम सोडताच चेहरा लालबुंद होऊन आग होते. अशा त्वचेला साधे पाणीही झोंबते, फाउंडेशन झोंबणारच. मग दोष फाउंडेशनवर जातो आणि मलम मात्र चालूच राहते. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइड औषधांना अनुसूची 'एच'मध्ये आणून चिठ्ठीची अट स्पष्ट केली. दीर्घकाळ वापरलेले असे मलम वैद्यकीय सल्ल्यानेच सोडावे लागते. काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीमशी संबंधित मूत्रपिंडविकाराचे अनेक रुग्ण आढळले होते.

गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्याजवळ ठळकपणे नजरेस आलेले हे तण आज राज्यभर बांधांवर व रस्त्यांकडेला माजले आहे. त्याच्या हवेतून पसरणाऱ्या कणांमुळे चेहरा, पापण्या आणि मान यांवर त्वचाशोथ होतो. शेतात काम करणाऱ्या व्यक्तीला प्रसाधन न वापरताही असा त्रास होत असेल, तर या कारणाचा विचार होतो.

दैनंदिन क्रम

चेहरा साध्या किंवा कोमट पाण्याने आणि सुगंधरहित सौम्य फेसवॉशने धुतात. घासून पुसण्याऐवजी कापडाने टिपतात. त्यानंतर सुगंधरहित मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन लावतात. झिंक ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन संवेदनशील त्वचेला सहसा मानवते, परंतु सावळ्या चेहऱ्यावर ते राखट पांढरे दिसते. लोह ऑक्साइड घातलेले रंगछटायुक्त सनस्क्रीन ही अडचण दूर करते. शिवाय लोह ऑक्साइडे दृश्य प्रकाशही अडवतात आणि वांग असलेल्यांना त्याचा विशेष उपयोग होतो. फाउंडेशन सोडताना हा एक लाभ हातचा जातो, तो येथे भरून निघतो. सनस्क्रीन अगदी थोडे लावल्यास वेष्टनावर छापलेले संरक्षण मिळत नाही. चेहरा व मानेसाठी तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांच्या लांबीइतके क्रीम हे सोपे माप सांगितले जाते.

एकाच दिवशी सर्व प्रसाधने बदलल्यास कारण सापडत नाही. म्हणून एका वेळी एकच वस्तू बदलतात. नवी वस्तू चेहऱ्यावर लावण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहतात.

'नैसर्गिक' या शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे. वनस्पतिजन्य सुगंधी तेले हीदेखील ॲलर्जीकारकच आहेत. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. बेसन किंवा उटणे जोराने घासल्याने आधीच हुळहुळलेली त्वचा अधिक सोलते.

निदान

ॲलर्जीचे नेमके कारण शोधण्यासाठी पॅच टेस्ट केली जाते. तिची मूळ पद्धत योझेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये मांडली. संशयित द्रव्ये पाठीवर चिकटवून ४८ तासांनी काढतात आणि त्या वेळी, तसेच पुढील एक-दोन दिवसांत पुन्हा, त्वचेची पाहणी करतात. या काळात पाठ भिजवता येत नाही. त्यामुळे खानदेशात ही तपासणी उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात सुसह्य ठरते. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो. तेथे जाताना वापरातील प्रसाधनांची वेष्टने, टिकलीचे पाकीट, कलपाची पुडी आणि मलमाची रिकामी झालेली नळी सोबत नेणे उपयुक्त ठरते.