डोक्यावरून कान

मुस्लिम घरांत मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याची ‘बिस्मिल्ला’ करतात. मिठाई वाटतात, पहिलं अक्षर म्हणवून घेतात. माझीही झाली. पण पिंपरीतल्या मराठी शाळेत गुरुजींचं माप निराळं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरता आला की पहिलीत नाव! जन्मदाखला नसला तर तारीख १ जून. माझ्या पिढीतले कितीतरी जण कागदावर असे एकाच दिवशी जन्मले. मीही त्यातलाच, अम्मी मात्र दिवाळीच्या आसपास म्हणायची.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं सहाव्या वर्षापासून शाळेचा हक्क दिला. आमच्या चाकण पट्ट्यात मात्र वय ठरवते ती शिफ्ट. सून सकाळच्या शिफ्टला जाते, म्हणून २०२४ साली नात तीन वर्षांची होताच नर्सरीत गेली. सुनेला बोल कसा लावू? कारखाना कायद्यानुसार पाळणाघरासाठी तीसहून अधिक बाया कामावर लागत. तिच्या कारखान्यात अकराच होत्या.

त्या जूनमध्ये मी नातीला गंमत म्हणून कान धरायला सांगितलं. हात टाळूशीच थांबला.